नुसते ओठ हलव

मंडळी, बऱ्याच दिवसांनी लिहायला बसले आहे आणि बसले आहे ती रागावून. रागाच्या भरात काही लिहू नये असं आमचे हे म्हणायचे. (त्यांनी एरवीही कधी काही लिहिलं नाही, तो भाग वेगळा.) पण या वेळी राग गिळला तर पित्त होईल, म्हणून लिहितेच.

झालं असं, की परवा आमच्या भाच्याचा पुण्याहून फोन आला. नाव घालत नाही, कारण तो हे वाचतो आणि त्याची बायको तर नक्कीच वाचते. म्हणाला, "मावशी, तुला एक विचारायचं होतं. चिरंजीवांना पेटीचा क्लास लावू का तबल्याचा?" मला इतका आनंद झाला म्हणून सांगू! आमच्या घराण्यात गेल्या तीन पिढ्यांत कुणी वाद्याला हात लावलेला नाही. मी विचारलं, "त्याला काय आवडतं?" तिकडे क्षणभर शांतता. मग म्हणाला, "आवडायचं काय त्यात? परीक्षा दिल्या की दहावीला वाढीव मार्क मिळतात ना. सोपं कुठलं पडेल ते सांग." आणि वर पुरवणी, "शिवाय संगीताने गणितही सुधारतं. शाळेनेच पत्रक दिलंय."

ते पत्रक त्याने मला व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलं. मेंदूचं रंगीत चित्र, त्यातून सूर बाहेर पडताहेत आणि खाली यादी: एकाग्रता, स्मरणशक्ती, गणित, आत्मविश्वास, नेतृत्वगुण. सगळं काही होतं. संगीत शिकल्याने गाणं येतं, एवढं एक लिहायचं तेवढं राहून गेलं होतं. कळस म्हणजे याच शाळेने यंदा आठवीपासून संगीताचा तास काढून त्या जागी गणिताचा जादा तास घातला आहे. म्हणजे बघा, संगीताने गणित सुधारतं म्हणून संगीत चांगलं, आणि गणित सुधारायचं आहे म्हणून संगीत बंद! चौतीस वर्षं मी शाळेत काढली, नाना प्रकारची परिपत्रकं वाचली, पण असलं तर्कशास्त्र शिक्षण खात्याकडूनही कधी आलं नव्हतं.

"शाळेत गाणं हवंच कशाला?" म्हणणारे लोक मला परवडतात. ते निदान सरळ बोलतात, त्यांच्याशी सरळ भांडता येतं. मला आज भांडायचंय ते "हवं बाई, कारण त्याने अमुक सुधारतं" म्हणणाऱ्यांशी. संगीताचं जास्त नुकसान या हितचिंतकांनी केलंय.

आता हे मेंदूचं खूळ आलं कुठून ते थोडक्यात सांगते. १९९३ साली 'नेचर' या विज्ञान-नियतकालिकात कॅलिफोर्नियातल्या संशोधकांचा एक छोटासा लेख आला. छत्तीस कॉलेजच्या मुलांना मोझार्टची एक रचना दहा मिनिटं ऐकवली, तर त्यानंतर आकृत्यांच्या, म्हणजे घडी घालून कापलेला कागद उलगडल्यावर कसा दिसेल अशा जातीच्या, कोड्यांमध्ये त्यांना थोडे जास्त गुण मिळाले. हा परिणाम टिकला दहा-पंधरा मिनिटं. लक्षात घ्या, मुलं कॉलेजची, ऐकणं दहा मिनिटांचं आणि फायदा पंधरा मिनिटांचा. त्यात लहान मुलं नव्हती आणि शिकणं तर नव्हतंच. पण पाच वर्षांत गोष्ट इतकी फुगली, की १९९८ साली अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्याच्या गव्हर्नरांनी राज्यात जन्मणाऱ्या प्रत्येक बाळाला शास्त्रीय संगीताची ध्वनिफीत फुकट देण्याची योजना मांडली. पुढे इतरांनी तोच प्रयोग पुन्हापुन्हा केला तेव्हा हाती फारसं काही लागलं नाही. २०१० साली व्हिएन्नातल्या संशोधकांनी असे सगळे प्रयोग एकत्र करून पाहिले आणि मोझार्टचं खास असं काही त्यात उरलं नाही.

ऐकणं सोडा, शिकण्याचं काय, असं कुणी विचारील. तर टोरांटोत २००४ साली सहा वर्षांच्या १४४ मुलांवर एक चांगला प्रयोग झाला. काहींना वर्षभर गाणं किंवा कीबोर्ड शिकवलं, काहींना नाटक, काहींना काहीच नाही. संगीतवाल्यांचा बुद्ध्यंक इतरांपेक्षा जेमतेम दोन-तीन गुणांनी जास्त वाढला. (नाटकवाली मुलं वागायला जास्त शहाणी झाली म्हणे, त्याचं पत्रक कुणी काढल्याचं माझ्या पाहण्यात नाही!) आणि २०२० साली साला आणि गोबे या दोघांनी असे पुष्कळ अभ्यास एकत्र केले, तेव्हा ज्या प्रयोगांची मांडणी काटेकोर होती त्यांत अभ्यासातला फायदा जवळजवळ शून्य निघाला.

हे सगळं मला कसं माहीत? माझी पुतणी मानसशास्त्र शिकवते. तिला मी दोन दिवस छळलं. आपण मराठी-इतिहासाच्या बाई, आपल्याला कुठलं हे कळायला.

पण मला विचाराल तर फायदा निघाला असता तरी माझं भांडण तेच राहिलं असतं. उद्या कुणी सिद्ध केलं की बुद्धिबळाने गणित जास्त सुधारतं, की लगेच पेटी माळ्यावर आणि पट वर्गात. दुसऱ्या विषयाचा हमाल म्हणून ज्याला शाळेत घेतलं, त्याला दुसरा स्वस्त हमाल मिळेपर्यंतच नोकरी. मी इतकी वर्षं कविता शिकवली. बोरकर शिकवले, इंदिरा संत शिकवल्या, बहिणाबाई शिकवल्या. मला एकाही पालकाने विचारलं नाही की बाई, याने भूगोल सुधारतो का हो? कविता ही मराठी येणाऱ्या माणसाला यावी, एवढं पुरेसं होतं. मग गाण्यालाच ही तारण ठेवायची सक्ती का?

माझी शाळा मिरजेपासून एस.टी.ने पाऊण तासावरच्या गावात होती. त्या गावात माणूस जन्मल्यापासून मरेपर्यंत गाणं लागतं. पाळणा लागतो, हादग्याची गाणी लागतात, लग्नात मंगलाष्टकं, आषाढीला दिंडी, मोहरमला तिथले फकीर गातात, एकादशीला देवळात रात्रभर भजन, आणि माणूस गेला की त्याला पोचवायलाही टाळ-मृदंग घेऊन माणसं जातात. हे सगळं गाणं कुणी कलाकार म्हणून म्हणत नाही. आपण त्या माणसांतले आहोत म्हणून म्हणतात. ज्याला तिथे तोंड उघडता येत नाही तो मागे उभा राहतो. त्याला कुणी हाकलत नाही, पण तो मागेच असतो. शाळेचं काम मला विचाराल तर इतकंच, की एकही मूल असं मागे उभं राहू नये. जशी प्रत्येकाला सही करता यायला हवी, तसं प्रत्येकाला चारचौघांबरोबर एक गाणं सुरात आणि तालात म्हणता यायला हवं. त्यातून कुणी पुढे मोठा गवई झाला तर आनंद आहे, नाही झाला तरी शाळेचं काम झालेलं असतं.

आणि हे काही माझ्या डोक्यातून निघालेलं खूळ नाही. बडोद्याला सयाजीराव महाराजांनी १८८६ साली मौलाबक्षांकडून संगीतशाळा सुरू करवली होती. विष्णु दिगंबर पलुस्करांनी (आमच्या मिरजेत बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे शिकलेले, हे आम्ही मिरजकर सांगितल्याशिवाय राहत नाही) ५ मे १९०१ रोजी लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं. राजाच्या खजिन्यातून नाही, लोकांच्या वर्गण्या आणि जलशांच्या तिकिटांतून. त्या काळात गवयाच्या घरी वर्षानुवर्षं पाणी भरल्याशिवाय एक चीज पदरात पडत नसे, आणि चांगल्या घरातली मुलगी गाते म्हटलं की लोक नाकं मुरडत. अशा काळात या माणसाने वर्ग, वेळापत्रक, फी, छापील पुस्तकं अशी सरळ शाळेसारखी शाळा उघडली. 'संगीत बालप्रकाश' नावाची त्यांची पुस्तकं नवशिक्यांसाठी होती. तिकडे भातखंडे वकिली सोडून गावोगाव हिंडले, उस्तादांच्या हातापाया पडून चिजा गोळा केल्या आणि त्या कुणालाही वाचता येतील अशा लिपीत 'क्रमिक पुस्तकमालिके'त छापल्या. ती लिपी किती सोपी आहे सांगू? स्वराचं अक्षर लिहायचं. खाली आडवी रेघ असली तर कोमल, म वर उभी रेघ असली तर तीव्र, डोक्यावर टिंब असलं तर वरचं सप्तक, पायाशी असलं तर खालचं. झालं! ज्याला अ-आ-इ-ई येतं त्याला हे आठवड्यात येईल.

मग एवढं करून ठेवलेलं असताना गाडी अडली कुठे? माझ्या मते ती परीक्षांत अडली. नीट समजून घ्या, मी गांधर्वच्या परीक्षांना नावं ठेवत नाही. त्या परीक्षांमुळे मध्यमवर्गातल्या हजारो मुली पेटीवर बसल्या, आणि खेडोपाडी क्लास निघाले. पण त्याचा एक उलटा परिणाम असा झाला, की गाणं शिकायचं म्हणजे शाळेबाहेर, क्लासला, फी भरून, असंच सगळ्यांच्या मनात बसलं. शाळेने हात झटकले. ज्याला हौस आणि ऐपत त्याने क्लास लावावा. आता तर दहावीच्या वाढीव गुणांमुळे क्लासमध्येही गंमत झालीय. मुलं येतात, पाच-सहा राग घोकतात, परीक्षा देतात, प्रमाणपत्र शाळेत जमा करतात आणि पेटी पलंगाखाली जाते. आमच्या शेजारच्या मुलीने भूप आणि यमन दोन्ही परीक्षेत म्हटले. पण परवा वाढदिवसाला गाणं म्हण म्हटलं तर मोबाईल काढून कराओके शोधायला लागली.

आणि शाळेत काय उरलं? सकाळची प्रार्थना. तीही आता कर्ण्यावर लावतात. २०२३ साली राजा बढ्यांचं गीत राज्यगीत झालं, फार बरं वाटलं. खळ्यांची चाल, शाहीर साबळ्यांचा आवाज. पण मी गेल्या वर्षी एका शाळेत झेंडावंदनाला गेले होते, तिथे शाहीर साबळे खणखणीत गात होते आणि सहाशे मुलं सावधान उभी राहून ऐकत होती. ज्या गाण्याने माणसांनी छाती भरून ओरडावं ते गाणं ऐकायचं झालं. दुसरं उरलं ते गॅदरिंग. गॅदरिंगला हल्ली कुणी गात नाही, ध्वनिमुद्रित गाण्यावर नाच बसवतात. आणि तिसरं म्हणजे समूहगीत स्पर्धा. या तिसऱ्याबद्दल मात्र मला माझ्याच तोंडाने काही सांगितलं पाहिजे. ते सांगितल्याशिवाय वरचं सगळं म्हणण्याचा मला अधिकार नाही.

१९८९ साल. तालुका पातळीवरची देशभक्तिपर समूहगीतांची स्पर्धा. आमच्या शाळेला संगीतशिक्षक कधीच नव्हता. आणि ज्याला मराठी येतं त्याला गाणंही येत असणार, असा एक समज शाळांमधून आहे, म्हणून ते काम माझ्याकडे. मी पेटीवर जेमतेम साथ करायची, गळा बरा होता. सत्तर मुलं नावं द्यायला आली. मी वीस निवडली. उरलेल्या पन्नासांचं काय झालं याचा मी त्या दिवशी विचारही केला नाही. निवडलेल्यांत आठवीतला एक उंच मुलगा होता. उंची दिसायला बरी म्हणून मागच्या ओळीत मधोमध घेतला होता. सातवीपर्यंत छान गायचा. पण तालमीत त्याचा आवाज मध्येच असा काही निघायचा की बाकीची मुलं फिसकन हसायची. कधी रेड्यासारखा, कधी पिपाणीसारखा. स्पर्धा चार दिवसांवर आलेली. मी त्याला बाजूला घेतलं आणि अगदी प्रेमाने (मला तेव्हा ते प्रेमच वाटलं) म्हटलं, "बाळ, तू उभा राहा हं. पण नुसते ओठ हलव."

आमचा दुसरा नंबर आला. फोटो हेडमास्तरांच्या खोलीत लागला. त्यात तो मागच्या ओळीत मधोमध उभा आहे, तोंड चांगलं उघडलेलं आहे.

२०१८ सालच्या गणपतीत त्याच्या घरी जायचा योग आला. आता तो सांगलीत असतो, स्वतःचं दुकान आहे, दोन लेकरं. आरतीला सगळी बिल्डिंग जमली होती. सगळे मोठमोठ्याने म्हणताहेत, आणि हा ताम्हण हातात घेऊन पुढे उभा. ओठ हलताहेत, आवाज नाही. मला वाटलं घसा बसला असेल. आरती झाल्यावर मी म्हटलं, "अरे, यजमान तू, आणि तूच मोठ्याने म्हणत नाहीस?" तर हसून म्हणाला, "बाई, तुम्हीच सांगितलं होतं की. नुसते ओठ हलव." सगळे हसले. मीही हसले. त्याच्या मनात काही नव्हतं, खरंच नव्हतं, गंमत म्हणून सांगितलं त्याने. पण मग प्रसादाची वाटी देताना त्याची बायको सहज बोलून गेली, की पोरं लहान असताना हे रात्री मांडीवर घेऊन झोपवायचे, पण पाळणा मोबाईलवर लावायचे. "मला येत नाही" म्हणायचे.

घरी परत येताना मी हिशेब केला. एकोणतीस वर्षं.

आता मला जे कळलंय ते तेव्हा कळत असतं तर? बारा ते चौदाच्या सुमाराला मुलांचा कंठ वाढतो, स्वरतंतू लांब आणि जाड होतात, आणि आवाज साधारण एका सप्तकाने खाली उतरतो. हे उतरणं काही जिन्यावरून व्यवस्थित होत नाही, मधल्या महिन्यांत आवाज हातात राहत नाही. यालाच आपण आवाज फुटणं म्हणतो. घरात दोन धाकटे भाऊ, दोघांचे आवाज माझ्यासमोर फुटले होते, आम्ही बहिणी त्यांची टर उडवायचो. आणि वर्गात तेच झालं तेव्हा मला वाटलं, याला सूर नाही! उपाय काय होता? त्याला खालचे चार-पाच सूर द्यायचे, षड्ज धरून ठेवायला सांगायचा, किंवा त्याच्या हातात डफ द्यायचा आणि सहा महिने थांबायचं. एवढंच. आवाज आपोआप बसला असता.

आणि ज्यांना आपण "बेसूर" म्हणून बाजूला बसवतो ना, त्यातली बहुतेक मुलं बेसूर नसतातच. ज्यांच्या मेंदूला स्वरांतला फरक जन्मतःच कळत नाही अशी माणसं शंभरात चारांपेक्षा जास्त नसावीत असं तज्ज्ञ सांगतात. हल्ली तर त्याहूनही कमी म्हणतात. माझ्या साठ मुलांच्या वर्गात असली तर दोन. पण मी बसवली किती? आपण गुरुजी-बाई काय करतो, की आपल्या सोयीची पट्टी लावतो. गुरुजी आपल्या भरदार आवाजात काळी एकला सुरुवात करतात, आणि लहान मुलांना कळत नाही की हाच सूर आपण एक सप्तक वर घ्यायचा आहे. ती बिचारी गुरुजींच्या सुरापर्यंत खाली जायला बघतात आणि घशात गुरगुरतात. मग गुरुजी म्हणतात, याला सूर नाही. हे म्हणजे मोठ्या माणसाच्या चपला घालून पळायला लावायचं आणि लंगडा म्हणायचं.

मग शिकवायचं कसं? मी तज्ज्ञ नाही, पण निवृत्तीनंतर एका चांगल्या बाईंकडे पाच वर्षं शिकले, आणि गेली काही वर्षं आमच्या घराजवळच्या शाळेत दर गुरुवारी जाते. पाचवीचा वर्ग, चाळीसेक मुलं. पेटी नेत नाही. पेटी आली की मुलं पेटीकडे बघतात. मोबाईलवर तंबोरा लावते (फुकट मिळतो, बरं का), आणि पहिले कित्येक दिवस फक्त भूप. सा रे ग प ध, पाच सूर. मध्यम नाही, निषाद नाही, त्यामुळे अर्ध्या सुराची अडचण कुठे येतच नाही आणि चुकायला जागा कमी. गंमत अशी, की हंगेरीत झोल्तान कोडाय नावाच्या थोर संगीतकाराने शाळेतल्या मुलांसाठी जी पद्धत रुजवली, तीही अशीच पाच सुरांच्या लोकगीतांपासून सुरू होते. त्यांच्या गावी, केचकेमेतला, १९५० साली गाण्याची प्राथमिक शाळा निघाली, तिथे रोज गाण्याचा तास. निवडक मुलांना नाही, सगळ्यांना. ते लोक डो-रे-मी म्हणतात, आपण सारेगम म्हणतो, आणि आपलं सारेगम तर आपल्या घरचं!

तालाला तर वाद्यही लागत नाही. बाकावर हात आहेतच. आधी दादरा, सहा मात्रा. मग केरवा, आठ. शाळेतली निम्मी गाणी या दोनांत बसतात. मग एक दिवस तीनताल. सोळा मात्रा, पहिल्या, पाचव्या आणि तेराव्या मात्रेला टाळी, नवव्या मात्रेला खाली. अर्धा वर्ग ठेका धरतो, अर्धा गातो, मग अदलाबदल. जे मूल सुरात येत नाही, त्याला मी मागे पाठवत नाही. मधोमध बसवते, दोन्ही बाजूंना पक्की मुलं. आणि एक युक्ती आमच्या बाईंनी शिकवली ती सोन्याची आहे: त्याला "माझ्या सुरात ये" म्हणायचं नाही. त्याला वाटेल तो सूर लावू द्यायचा, आणि आपणच त्याच्या सुराला जाऊन मिळायचं. दोन सूर एक झाले की मुलाचा चेहरा बदलतो, कारण आयुष्यात पहिल्यांदा त्याला 'जुळलं' म्हणजे काय ते कानाला कळतं. मग एकेक पायरी वर न्यायचं. काहींना आठवडा लागतो, एका मुलाला दिवाळीपासून मार्चपर्यंत लागले.

आता तुम्ही म्हणाल, बाई, हे तुमचं ठीक आहे, तुम्ही रिकाम्या आहात. सरकारने काय करायचं? कागदावर सरकारने सगळं केलेलं आहे हो! २००५ च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्याबरोबर कलांवर जो अहवाल आला, त्यात दहावीपर्यंत कला सक्तीची करा असं स्वच्छ म्हटलंय. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याच्या परिशिष्टात, सहावी ते आठवीत शंभराच्या वर मुलं असतील तर कलेसाठी अंशकालीन निदेशक द्या असं आहे. बालभारतीचं 'खेळू, करू, शिकू' आहे. २०२० चं धोरण तर म्हणतं, की मुख्य विषय आणि सहशालेय उपक्रम यांच्यात भिंतच नको. पण 'अंशकालीन' या शब्दातच मेख आहे. गणिताला कुणी अंशकालीन म्हणत नाही. ज्याला तुटपुंजं मानधन आणि पुढच्या वर्षीची खात्री नाही तो माणूस दोन बसेस बदलून कशाला येईल? आणि वेळापत्रकात 'कला' लिहिलेल्या तासाला प्रत्यक्षात काय होतं ते शिक्षक असलेल्या माझ्या वाचकांना मी सांगायला नको. मीही त्या तासाला व्याकरण उरकलेलं आहे.

पैसे नाहीत हे मला पटत नाही. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळालं. पंढरपूरकडचे भोपळे येतात आणि आमच्या गल्लीत त्यांचे तंबोरे होतात, ते जगभर जातात. दर्ग्याच्या उरुसात अब्दुल करीम खाँसाहेबांच्या स्मरणार्थ मोठमोठे गवई येऊन गातात. आणि त्याच परिसरातल्या शाळांमधल्या किती मुलांनी जुळलेला तंबोरा जवळून ऐकला असेल? निदान तालुक्याला एक तंबोरा आणि तो नेणारा एक माणूस फिरवायला किती खर्च येतो? माणूसही शोधावा लागत नाही. प्रत्येक गावात भजनी मंडळ आहे. तिथला पखवाजिया मुलांना ठेका शिकवू शकतो, पण त्याच्याकडे पदवी नाही म्हणून तो शाळेच्या फाटकाबाहेर आणि पदवी असलेली मी फाटकाच्या आत मुलांचे आवाज बंद करत होते.

त्या माझ्या विद्यार्थ्याला मी गेल्या गणपतीनंतर फोन केला होता. म्हटलं, गुरुवारी येतोस का आमच्या वर्गाला, मागे बसून म्हण मुलांबरोबर. तो म्हणाला, "काय बाई, या वयात?" आता पन्नाशीला टेकलाय. मी म्हटलं, अरे, मी पंचाहत्तरीची आहे. "बघतो" म्हणाला. अजून आलेला नाही. मी परत विचारणार आहे.

आणि भाच्याला: तुझा काल रात्रीचा निरोप मिळाला. तू शेवटी चिरंजीवांना विचारलंस, हे फार चांगलं केलंस. त्याला पेटीही नको आणि तबलाही नको, गणपतीच्या मिरवणुकीतला ढोल वाजवायचा आहे, हे वाचून मी एकटीच मोठ्याने हसले. ढोलाला मार्क किती असतात हे मला माहीत नाही रे. पण पथकाची तालीम नदीकाठी कुठे चालते ते तुझ्या बायकोला नक्की माहीत असेल, लग्नाआधी ती तिथेच असायची.